अथेन्सचे देणे

ग्रीक तत्त्वज्ञानाचा सुरुवातीच्या ख्रिस्ती विचारवंतांवर प्रभाव पडला, हे आता कोणी नाकारत नाही. वाद आहे तो त्यावरून काय ठरवायचे याचा. एक पक्ष म्हणतो, गालीलातल्या एका उपदेशकाची साधी शिकवण ग्रीक पंडितांच्या हाती लागली आणि त्यांनी तिच्यावर त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), देहधारण (देव माणूस झाला) असल्या अवघड सिद्धान्तांचे मजले चढवले. जर्मन इतिहासकार आडोल्फ फॉन हारनाक यांनी १८८६ पासून खंडशः प्रसिद्ध केलेल्या धर्मसिद्धान्तांच्या इतिहासात हे मत सर्वांत ताकदीने मांडले. शुभवर्तमानाच्या जमिनीवर ग्रीक बुद्धीने जे उभारले त्याचे नाव सिद्धान्त, असे त्यांचे सूत्र होते. दुसरा पक्ष श्रद्धावंतांचा. त्यांच्या मते सगळे बायबलमध्येच होते. ग्रीकांकडून घेतले ते फार तर शब्द.

हे दोन्ही पक्ष एका गृहीतकावर उभे आहेत: बाहेरून घेतलेला विचार धर्माला अशुद्ध करतो. म्हणून पहिला घेतल्याचा आरोप करतो आणि दुसरा घेतल्याचे नाकारतो. हे गृहीतकच चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. काय घेतले, काय तपासून टाकून दिले आणि कुठे घेतलेल्या गोष्टीचा अर्थच उलटा केला, याचा कलमवार हिशेब मांडला तर चित्र फार वेगळे दिसते. आणि त्या हिशेबात एक खरा दोषही सापडतो. तो घेण्याचा नाही. घेतलेले मोकळेपणाने न कबूल करण्याचा आहे, आणि त्याची किंमत पुढे शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या माणसांनी मोजली.

आधी शुद्ध जमिनीची कल्पना बाजूला ठेवू. येशूच्या जन्मापूर्वी जवळजवळ अडीचशे वर्षे, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांनी आपल्या धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर करायला घेतले होते. निर्गम ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात देव मोशेला आपले नाव सांगतो, ते या भाषांतरात ‘जो आहे तो मी’ अशा अर्थाने उतरले. प्लेटो वाचलेल्या माणसाला त्यात ‘सत्’ दिसल्याशिवाय कसे राहील? येशूच्याच काळात त्याच शहरात फिलो हा यहुदी विद्वान होऊन गेला. सम्राट कॅलिग्युलाकडे यहुद्यांची बाजू मांडायला गेलेल्या शिष्टमंडळाचा तो प्रमुख होता. त्याने मोशेच्या ग्रंथांचा अर्थ प्लेटोच्या ‘तिमायस’ या संवादाच्या आधाराने लावला आणि देव व सृष्टी यांच्यामध्ये ‘लोगोस’ ठेवला: देवाची बुद्धी, त्याचा शब्द, सृष्टीचा आराखडा. नवा करार तर मुळातच ग्रीक भाषेत लिहिला गेला. योहानकृत शुभवर्तमान ‘प्रारंभी शब्द होता’ असे उघडते तेव्हा मूळ शब्द लोगोस हाच आहे. आधी हिब्रू धर्म होता आणि नंतर त्यात ग्रीक भेसळ झाली, असा क्रम इतिहासात कुठे सापडत नाही.

नव्या करारातच या भेटीची दोन्ही अंगे दिसतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात पौल अथेन्समध्ये एपिक्युरियन आणि स्टोइक तत्त्वज्ञांशी बोलतो आणि ‘आपण त्याचेच वंशज आहोत’ ही आरातोस या ग्रीक कवीची ओळ पुराव्यादाखल देतो. श्रोते ऐकून घेतात. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय निघताच काही जण टर उडवतात. कुठवर एकत्र चालता येते आणि कुठे वाट फुटते, हे त्या एका प्रसंगात ठरून गेले होते. पुढची चारशे वर्षे ख्रिस्ती विचारवंत हीच सीमारेषा आखत, पुसत आणि पुन्हा आखत राहिले.

या कामाला पद्धतशीर सुरुवात केली जस्टिनने. पॅलेस्टाइनमधल्या फ्लाविया नेआपोलिसचा, म्हणजे आजच्या नाब्लुसचा हा माणूस. आपला शोध त्याने स्वतःच सांगितला आहे. आधी स्टोइक गुरू केला, पण त्याला देवाबद्दल काही सांगता येईना. मग ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला. त्याने थोड्याच दिवसांत फी ठरवायची भाषा केली. पायथागोरसपंथीयाने आधी संगीत, ज्योतिष आणि भूमिती शिकून यायला सांगितले. प्लेटोवाद्यापाशी मन रमले आणि तिथून तो ख्रिस्ती श्रद्धेकडे आला. मात्र तत्त्वज्ञाची शाल त्याने पुढेही उतरवली नाही. त्याचे प्रतिपादन असे: लोगोस ख्रिस्तात पूर्णपणे प्रकटला, पण त्याची बीजे सर्व माणसांच्या बुद्धीत पेरलेली आहेत. म्हणून लोगोसानुसार जगलेले सॉक्रेटिस आणि हेराक्लायटस हेही ख्रिस्तीच, जगाने त्यांना नास्तिक ठरवले असले तरी. बीजरूप लोगोस ही कल्पना स्टोइकांची. त्यांच्या विचारात मात्र हा लोगोस विश्वात भरलेले सूक्ष्म अग्नितत्त्व होते. जस्टिनने कल्पना घेतली, तिला इतिहासातल्या एका व्यक्तीशी बांधले आणि तिथेच तिचा अर्थ बदलला.

इसवी सन १६५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिनला मृत्युदंड देणारा नगरप्रमुख युनियस रुस्टिकस स्वतः स्टोइक होता. सम्राट मार्कस ऑरेलियसचा तो गुरू. तत्त्वज्ञानाची भाषा एक असूनही एक न्यायासनावर होता आणि एक आरोपीच्या जागी. शब्द सारखे म्हणजे विचार सारखे असे मानणाऱ्यांनी हा खटला जरूर विचारात घ्यावा.

जस्टिनच्याच लेखनात मला खटकणारी गोष्टही आहे. प्लेटोला जे चांगले सुचले ते त्याने मोशेकडून घेतले, असा दावा तो करतो. कालगणनेच्या आधारे मोशे आधीचा, म्हणून प्लेटो ऋणी. हा युक्तिवाद पुढे क्लेमेंट, ऑरिजन, युसेबियस अशा जवळजवळ सगळ्या ख्रिस्ती लेखकांनी वापरला. त्याला आधार नव्हता. त्याची गरज मात्र कळते: त्या काळात जुने तेच खरे मानले जाई आणि ख्रिस्ती मत कालपरवाचे म्हणून हिणवले जाई. तरीही या एका दाव्याने घेणारा देणारा झाला आणि देणारा चोर ठरला. जस्टिनचे दुसरे वाक्य याच जातीचे आहे: कोणीही जे योग्य बोलले आहे ते आम्हा ख्रिस्ती लोकांचे. ऐकायला ते फार उदार वाटते. नीट पाहिले तर त्यात सत्याचे स्वागत आहे आणि सत्यावर मालकीही सांगितली आहे.

अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटची भूमिका मला अधिक प्रामाणिक वाटते. यहुद्यांना जसे नियमशास्त्र, तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान; दोन्ही ख्रिस्ताकडे आणणारे बालरक्षक. म्हणजे तत्त्वज्ञान ही त्याच देवाची देणगी, आणि ती थेट ग्रीकांना मिळालेली. चोरीचा आरोप क्लेमेंटनेही केला आहे, हे खरे. पण या कल्पनेत ग्रीकांना त्यांच्या स्वतःच्या वाट्याचे सत्य मिळते.

ऑरिजनने तर घेण्याची शाळाच चालवली. पॅलेस्टाइनमधल्या कैसरियात तिसऱ्या शतकाच्या मध्यावर त्याचा अभ्यासक्रम कसा होता, हे त्याचा निरोप घेणाऱ्या शिष्याच्या भाषणातून कळते. ते भाषण ग्रेगरी नावाच्या शिष्याच्या नावावर आहे (पुढे येणारे दोन ग्रेगरी वेगळे). सुरुवातीला सॉक्रेटिसच्या धर्तीवर प्रश्न विचारून शिष्याची गृहीतके हलवायची. मग तर्कशास्त्र. मग निसर्गविचार, भूमिती आणि ज्योतिष. त्यानंतर नीतिशास्त्र, चार सद्गुणांसह, आणि ते पाठ करण्यापुरते नाही तर आचरणात उतरवण्यासाठी. पुढे सर्व पंथांच्या तत्त्वज्ञांचे वाचन. देव किंवा दैवी योजना नाकारणारे तेवढे वगळून. एकाच पंथाचे वाचले तर माणूस पहिल्या भेटलेल्या मतात अडकतो, म्हणून सगळे वाचायचे, हे कारणही तिथे दिले आहे. सर्वांत शेवटी धर्मग्रंथ. याच ऑरिजनने ग्रेगरीला लिहिलेल्या पत्रात निर्गमातला दाखला दिला: इजिप्त सोडताना इस्राएलांनी मिसऱ्यांचे सोने मागून घेतले आणि त्यातून देवाच्या मंडपाची उपकरणे केली. तत्त्वज्ञानाचे सोने तसे वापरावे. पण लगेच तो सावध करतो की उपयोगी वस्तू घडवणारे थोडे आणि त्या सोन्याच्या मूर्ती करून पूजणारे पुष्कळ.

आणि तो स्वतः त्याच जाळ्यात सापडला, असे पुढच्या चर्चने ठरवले. देहापूर्वी आत्मे अस्तित्वात होते आणि देवापासून विचलित झाल्यामुळे ते खाली आले, ही त्याची मांडणी प्लेटोच्या फार जवळची होती. ५५३ मध्ये, मृत्यूनंतर तीनशे वर्षांनी, त्याच्या नावावरच्या अशा मतांचा निषेध झाला. म्हणजे घेण्याला मर्यादा होती आणि ती सर्वांत थोर विद्वानालाही लागू झाली. सगळे ग्रीक आंधळेपणाने आत आले, हा आरोप इथेच अडखळतो.

ग्रीकांचा कट्टर विरोधक म्हणून नेहमी कार्थेजच्या टर्टुलियनचे नाव घेतात. अथेन्सचा जेरुसलेमशी काय संबंध, अकादमीचा चर्चशी काय संबंध, हा त्याचा प्रश्न सुमारे अठराशे वर्षे उद्धृत होत आला आहे. पण आत्म्यावरचा त्याचा ग्रंथ उघडून पाहा. आत्मा ही एक प्रकारची शारीर वस्तू आहे, असे तो तिथे सिद्ध करतो. हे स्टोइक मत आहे, आणि त्यासाठी तो स्टोइकांचे दाखले देतो, एफेससच्या सोरानस या वैद्याचे मत देतो, सेनेकाला ‘पुष्कळदा आपलाच’ म्हणतो. देव आत्मा असला तरी तोही एक प्रकारचे शरीरच आहे, हे कोण नाकारील, असे तो दुसरीकडे विचारतो. जे अस्तित्वात आहे ते शरीर, हे स्टोइक सूत्र त्याच्या हाडीमांसी इतके मुरले होते की ते बाहेरून आले आहे हे त्याला जाणवतही नव्हते. ज्यांनी मोजून-मापून घेतले त्यांना निदान काय घेतले ते ठाऊक होते. दार बंद केल्याची घोषणा करणाऱ्याच्या घरात पाहुणा आधीच बसलेला होता. शुद्धतेच्या प्रत्येक दाव्याकडे, मग तो कुठल्याही धर्मातला असो, मी या उदाहरणामुळे संशयाने पाहतो.

आता हिशेबाची दुसरी बाजू: ग्रीक विचार कुठे नाकारला. सर्वांत मोठी जागा सृष्टीच्या उत्पत्तीची. ग्रीकांचा जवळजवळ सर्वमान्य सिद्धान्त होता की शून्यातून काही निर्माण होत नाही. मराठी वाचकाला यात छांदोग्य उपनिषदातला ‘असतापासून सत् कसे होईल’ हा प्रश्न आणि सांख्यांचा सत्कार्यवाद लगेच आठवेल. प्लेटोच्या ‘तिमायस’मध्येही विश्वकर्मा आधीपासून असलेल्या अव्यवस्थित द्रव्याला आकार देतो. जस्टिनला हे मान्य होते. पण १८० च्या सुमारास अँटिऑकचा बिशप थिओफिलस यावर सरळ हल्ला करतो. द्रव्य अनादी असेल तर ते देवाच्या बरोबरीचे झाले; मग देव सर्वांचा कर्ता कसला? सामान आयते मिळाल्यावर वस्तू तर माणूस कारागीरही करतो. देवाचे सामर्थ्य यात की तो नसलेल्यातून हवे ते करतो. टर्टुलियनने हर्मोजेनस या चित्रकाराविरुद्ध हाच मुद्दा लढवला. प्लेटोच्या चौकटीत शिकलेल्या लोकांनी तिचा मुख्य खांब इथे काढून घेतला.

याचे परिणाम धर्मशास्त्रापुरते राहिले नाहीत. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ योहान फिलोपोनस याने ५२९ मध्ये प्लेटोवादी तत्त्वज्ञ प्रोक्लसच्या ‘विश्व अनादी आहे’ या मताचे खंडन लिहिले. युक्तिवाद ॲरिस्टॉटलच्याच नियमाचा: अनंत संख्या मोजून संपवता येत नाही. विश्व अनादी असते तर आजवर अनंत दिवस उलटून गेले असे म्हणावे लागेल, जे अशक्य. शिवाय उद्या त्या अनंतात आणखी एक दिवस वाढेल. ग्रहतारे वेगळ्या दिव्य द्रव्याचे नसून पृथ्वीवरच्यासारख्याच नाशवंत द्रव्याचे आहेत, असेही त्याने मांडले. वजनात मोठा फरक असलेल्या दोन वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या तर पडायला लागणाऱ्या वेळात अगदी थोडा फरक दिसतो, हे निरीक्षण देऊन त्याने ॲरिस्टॉटलचा पतनाचा नियम खोडला. गॅलिलिओला फिलोपोनस माहीत होता आणि तो त्याचा उल्लेख करतो. ग्रीक शास्त्राच्या आतूनच ग्रीक शास्त्राची ही चिकित्सा झाली.

दुसरी जागा देहाची. १७८ च्या सुमारास ख्रिस्ती मताविरुद्ध पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा प्लेटोवादी केल्सस विचारतो की देव खाली कशाला येईल? आला तर तो बदलला, आणि बदलला तर आधीपेक्षा हीन झाला. सडलेल्या देहात परत येण्याची आशा म्हणजे किड्यांची आशा, असे तो पुनरुत्थानाबद्दल म्हणतो. लॅटिन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने हाच फरक आतल्या बाजूने अनुभवला. ३८६ मध्ये मिलान शहरात त्याला मारियस व्हिक्टोरिनसने लॅटिनमध्ये आणलेले प्लेटोवाद्यांचे ग्रंथ मिळाले. तोवर जड नसलेले अस्तित्व कसे असू शकते हेच त्याला कळत नव्हते. ती गाठ या ग्रंथांनी सोडवली. वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही, ते चांगल्याचा अभाव आहे, ही दिशाही तिथूनच मिळाली. ‘कबुलीजबाब’च्या सातव्या भागात तो लिहितो: प्रारंभी शब्द होता, हे मला तिथे वाचायला मिळाले, शब्द देही झाला, हे तिथे मिळाले नाही. घेतले किती आणि कुठे थांबलो, हे एवढ्या नेमकेपणाने नोंदवणारा दुसरा माणूस या सगळ्या इतिहासात मला दिसत नाही.

तिसरी जागा निकायाची. ३१८ च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणू लागला की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, निर्माण केलेला आहे, तो नव्हता अशी स्थिती होती. ३२५ मध्ये निकाया इथल्या परिषदेने पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकतत्त्व आहे असे ठरवले. हा शब्द बायबलात नाही. तो तत्त्वज्ञानाच्या बाजारातला आणि थोडा बदनामही होता, कारण गूढ ज्ञानातून मुक्ती मानणारे ज्ञेयवादी (ग्नॉस्टिक) पंथ तो वापरत. त्यामुळे निकाया म्हणजे ग्रीकांचा विजय, असे सर्रास म्हटले जाते. माझे वाचन उलट आहे. वर अगम्य एक, त्याखाली बुद्धी, त्याखाली आत्मा, अशी पायऱ्यांची रचना त्या काळच्या प्लेटोवादाला स्वाभाविक होती, आणि एरियसचा पुत्र त्या रचनेत अगदी नीट बसतो: देवापेक्षा कमी, सृष्टीपेक्षा वर. निकायाने ग्रीक शब्द वापरून पायऱ्याच काढून टाकल्या. सर्वोच्च तत्त्व आणि क्रुसावर मेलेला माणूस यांच्यामध्ये अंतर नाही, हे कुठल्याही प्लेटोवाद्याला असह्य वाटणारे विधान तिथे ग्रीक भाषेत नोंदले गेले.

कापादोकियाचे तिघे, म्हणजे बासिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी, हेच काम पुढे नेतात. त्यांचा प्रतिपक्षी युनोमियस तर्कात पक्का होता. त्याच्या मते ‘अजन्मा’ हे देवाचे सारतत्त्व. पुत्र जन्मलेला, म्हणून तो त्या तत्त्वाचा असू शकत नाही. निस्साच्या ग्रेगरीचे उत्तर असे की देव अनंत आहे, म्हणून कुठल्याच एका व्याख्येत मावत नाही. अभिजात ग्रीक विचारात अमर्याद म्हणजे बेढब, अपूर्ण. पूर्णतेला सीमा हवी. ग्रेगरीने अनंतत्वालाच पूर्णतेचे नाव दिले. या ग्रेगरीनेच उपदेशक ग्रंथावरच्या चौथ्या प्रवचनात गुलाम विकत घेणाऱ्याला विचारले आहे की देवाच्या प्रतिमेची किंमत किती नाण्यांत लावलीस? ॲरिस्टॉटल ‘राजनीती’च्या पहिल्या पुस्तकात काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात असे सांगतो. त्याची परिभाषा शिकलेल्या माणसाने त्याचा हा निष्कर्ष फेकून दिला. मात्र त्या काळच्या चर्चने ग्रेगरीचे ऐकले नाही. ऑगस्टीननेही गुलामगिरीला पापाचे फळ म्हणून चालू दिले. हिशेबात तीही बाजू मांडलीच पाहिजे.

नुकसानही झाले आणि ते लहान नव्हते. उसन्या परिभाषेत काय बिघडते याचा नमुना म्हणजे ऊसिया (सारतत्त्व) आणि हिपोस्तासिस (स्वतंत्र अस्तित्व) हे शब्द. निकायाच्या ठरावात हे दोन शब्द एकाच अर्थाने आले. पुढे पूर्वेकडे काहींनी देवात तीन हिपोस्तासिस मानले. लॅटिन कानांना हिपोस्तासिस म्हणजे सबस्टान्शिया, द्रव्य. म्हणून त्यांना हे तीन देव वाटले. उलट बाजूला ‘एकच हिपोस्तासिस’ म्हणणारे पिता-पुत्र भेद पुसतात असे वाटले. ३६२ मध्ये अलेक्झांड्रियात तिथला बिशप अथानासियसने बैठक घेतली आणि दोन्ही गटांना एकच विचारले: या शब्दाने तुम्हाला नेमके काय म्हणायचे आहे? खुलासे आल्यावर दिसले की अर्थ एकच आहे. तिथे भांडण मिटले, कारण शब्दामागचा आशय विचारला गेला. ४५१ मध्ये काल्सेदोनला ख्रिस्ताच्या दोन स्वभावांवर ठराव झाला तेव्हा असा धीर पुरला नाही. इजिप्त, सीरिया आणि आर्मेनियातल्या मोठ्या मंडळ्या कायमच्या दुरावल्या. देहाविषयीचा संशयही ग्रीकांकडून भरपूर आला. लग्नाला कमी लेखताना लॅटिन धर्मपंडित जेरोम बायबलवर थांबत नाही. ज्ञानी माणसाने बायको करू नये, यासाठी तो ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टसचा लांबलचक उतारा देतो. स्त्रियांविषयीच्या पुढच्या कित्येक शतकांच्या कटू लेखनाला त्या उताऱ्याने खाद्य पुरवले.

याच ३६२ सालात ऋणाचा प्रश्न थेट राज्यकारभारात आला. सम्राट ज्युलियन ख्रिस्ती वातावरणात वाढला, ग्रीक देवांकडे वळला. अथेन्समध्ये तो बासिल आणि नाझियान्झसच्या ग्रेगरीच्याच काळात शिकत होता. १७ जूनला शिक्षकांच्या नेमणुकीवर नियंत्रण आणणारा कायदा त्याने काढला आणि त्याचा अर्थ एका पत्रात उलगडला: होमर आणि हेसिअडच्या देवांवर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी ते ग्रंथ शिकवणे हा अप्रामाणिकपणा आहे, अशांनी आपल्या चर्चमध्ये जाऊन मत्तय आणि लूक शिकवावेत. रोममध्ये मारियस व्हिक्टोरिनसने आपले अध्यापनाचे आसन सोडले. लाओदिकियाच्या आपोलिनारिस पितापुत्रांनी बायबल होमरच्या छंदात आणि प्लेटोच्या संवादरूपात लिहून काढायचा खटाटोप केला. ज्युलियनचा चाहता आणि स्वतः ख्रिस्ती नसलेला इतिहासकार अम्मियानस मार्सेलिनस यानेही हा हुकूम निष्ठुर, कायमचा गाडून टाकण्याजोगा म्हटले.

नाझियान्झसच्या ग्रेगरीने दिलेले उत्तर आजही उपयोगी आहे. ग्रीक विद्या फक्त ग्रीक देव मानणाऱ्यांची कशी? लिपी फिनिशियनांची किंवा मिसऱ्यांची, भूमिती मिसऱ्यांची, ताऱ्यांचे शास्त्र बाबिलोनियनांचे. मग तुम्हीच सगळे परत करा. मालकीच्या दाव्याला याहून चांगले उत्तर नाही. अडचण एवढीच की हेच उत्तर मोशेकडून चोरी झाली म्हणणाऱ्या ख्रिस्ती परंपरेलाही लागू होते, आणि ते तिने स्वतःला कधी लावून घेतले नाही. ज्युलियन पुढच्याच वर्षी युद्धात मारला गेला. सत्ता परत आल्यावर ख्रिस्ती राजवटीने तेच शस्त्र उलटे फिरवले. ४४८ मध्ये प्लेटोवादी तत्त्वज्ञ पॉर्फिरीचे ख्रिस्तीविरोधी ग्रंथ जाळण्याचा आदेश निघाला. ५२९ मध्ये जस्टिनियनने अथेन्समधले तत्त्वज्ञानाचे अध्यापन बंद केले. दमास्कियस, सिम्प्लिकियस यांच्यासह सात तत्त्वज्ञ इराणच्या खुस्रोकडे गेले, आणि त्यांना निर्धोक परत येता यावे यासाठी ५३२ च्या तहात कलम घालावे लागले. फिलोपोनसने प्रोक्लसशी ग्रंथाने वाद घातला ते वर्षही ५२९ च. वाद घालणे आणि तोंड बंद करणे एकाच वर्षी शेजारी-शेजारी घडले. त्यातले पहिले विचाराचे काम होते आणि दुसरे नुसत्या बळाचे.

मधल्या काळात दुसरी वाट उपलब्ध होती. सायरीनचा सायनेसियस हा अलेक्झांड्रियातली तत्त्वज्ञ हिपेशिया हिचा शिष्य. ४१० च्या सुमारास त्याला तोलेमाइसचा बिशप करायचे ठरले तेव्हा त्याने भावाला जाहीर पत्र लिहून अटी सांगितल्या: आत्मा देहानंतर जन्मतो हे मला पटणार नाही, विश्व सर्वथा नष्ट होईल हे मानणार नाही, आणि पुनरुत्थान मी गूढ रूपकाच्या अर्थाने घेतो. हे सर्व माहीत असूनही अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस (अँटिऑकच्या थिओफिलसहून वेगळा) याने त्याला दीक्षा दिली. पाचच वर्षांनी त्याच शहरात हिपेशियाला जमावाने ठार मारले.

या जुन्या हिशेबाचा आपल्याकडे थेट संबंध आहे. १९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रद्धा आणि बुद्धी या विषयावर काढलेल्या परिपत्रकात ७२ व्या परिच्छेदात भारताचा खास उल्लेख आहे. भारतीय विचारपरंपरेतून ख्रिस्ती चिंतनाने घ्यावे, मात्र ग्रीक-लॅटिन विचाराशी झालेल्या भेटीतून चर्चला जे मिळाले ते टाकून देता येणार नाही, असे ते म्हणतात. इतिहास पुसता येत नाही इतपत हे बरोबर आहे. पण ग्रीक विचाराला आत घेताना त्याची जी कलमवार परीक्षा झाली, तीच न्याय, सांख्य आणि वेदान्ताची व्हायला हवी. निकायाची परिभाषा आधी पत्करा, मग तुमचे बोला, अशी अट जस्टिनला कोणी घातली नव्हती.

हे काम मराठी घराण्यातल्या एका माणसाने अर्धे केले होते. नीलकंठशास्त्री गोरे, कोकणस्थ कुटुंबातले, काशीत संस्कृत शास्त्रे शिकलेले, १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. १८६० मध्ये त्यांनी हिंदीत षड्दर्शनांचे खंडन प्रसिद्ध केले. सृष्टी देवाने शून्यातून केली, हे भारतीय दर्शनांना मान्य नाही आणि सगळा फरक तिथून सुरू होतो, हा त्यांच्या विचाराचा कणा आहे. अँटिऑकच्या थिओफिलसने ज्या जागी प्लेटोशी वाट वेगळी केली, नेमकी तीच ही जागा. पूर्वपक्ष मांडून एकेक पायरी खोडत जाण्याची त्यांची पद्धत मात्र पूर्णपणे शास्त्री परंपरेची आहे. मिशनऱ्यांच्या प्रचारपुस्तिकांत ती नव्हती. काय नाकारले याचा तपशील गोरे यांनी पानोपानी दिला. ज्या शिस्तीने नाकारले ती कुणाकडून घेतली, हा रकाना त्यांनी भरला नाही, आणि त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी तो भरणे अजून बाकी आहे.